आधी भरती व्हा, मग कार्ड चालेल

सरकारी आरोग्य विम्याची आपल्याकडची सगळी चर्चा एका आकड्याभोवती फिरते. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली तेव्हा तो आकडा होता कुटुंबामागे वर्षाला ३० हजार रुपये. २०१२ मध्ये महाराष्ट्राने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली, तो दीड लाख झाला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा नारळ फुटला आणि पाच लाख झाले. आता दहा लाख करा, अशी मागणी ऐकू येऊ लागली आहे. उद्या ती मान्यही होईल, कारण आकडा वाढवण्याइतकं सोपं आणि बॅनरवर शोभून दिसणारं दुसरं काही नसतं. तालुक्याच्या मेडिकलमधून महिन्याची बीपीची गोळी विकत घेणाऱ्याच्या खिशाला मात्र त्याचा पत्ताही लागणार नाही.

योजना फसवी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. आधीचे दिवस ज्यांनी पाहिलेत ते तसं म्हणणारही नाहीत. घरात हृदयाचं ऑपरेशन निघालं किंवा कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न असायचा, कुणाची ओळख आहे का? मग आमदाराची चिठ्ठी, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, मुंबईतल्या देवस्थानांच्या आणि ट्रस्टच्या कार्यालयांत हेलपाटे, प्रत्येक ठिकाणी एस्टिमेटची झेरॉक्स. तेवढ्यानं भागलं नाही की बायकोचे दागिने, मग सावकार, मग एखादा एकर. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर संसार मांडून बसलेली कुटुंबं सगळ्या महाराष्ट्राने पाहिली आहेत. जे मेहेरबानी म्हणून मिळायचं ते कार्डामुळे हक्काचं झालं. ही मोठी गोष्ट आहे, आणि विमा योजनांवर सरसकट टीका करणारे शहरी लोक ती फार सहज विसरतात.

व्याप्तीही खरोखर वाढत गेली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या सुमारे ८६ टक्के आणि शहरांतल्या ८१ टक्के लोकांना आरोग्य विम्याचं कसलंच संरक्षण नव्हतं. त्यानंतर केंद्राची योजना आली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून निवडलेल्या साडेदहा कोटींहून अधिक कुटुंबांपासून ती सुरू झाली, पुढे बारा कोटींपर्यंत गेली. कुटुंबात माणसं किती याला मर्यादा नाही, आधीचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण, आणि आपल्या राज्याबाहेरही उपचार घेण्याची सोय. बीडचा ऊसतोड कामगार सहा महिने परमुलखात असतो, त्याच्यासाठी ही शेवटची सोय केवढी महत्त्वाची आहे हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात २०१७ साली जीवनदायीचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२० पासून ती केंद्राच्या योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली, आणि २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न ठेवता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण जाहीर झालं. उपचारांची यादी १,३५६ वर गेली. गोव्याने तर २०१६ मध्येच दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उत्पन्नाची अट न घालता रहिवाशांसाठी खुली केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, मग तो गरीब असो की पेन्शनर, कार्ड दिलं.

म्हणजे कार्ड पोचलं. पण ते चालतं कुठे?

रुग्णालयात शिरल्यावर डाव्या-उजव्या हाताला कुठेतरी योजनेचं टेबल असतं. मागे फलक, पुढे संगणक आणि आरोग्यमित्र. हा आरोग्यमित्र म्हणजे या सगळ्या यंत्रणेचा सामान्य माणसाला दिसणारा एकमेव चेहरा. बिचारा दिवसभर एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतो: ‘हे योजनेत बसतं का?’ रेशन कार्ड आणि आधार घेऊन तो नोंदणी करतो, डॉक्टर तपासण्यांचे रिपोर्ट आणि फोटो चढवतात, पूर्वमंजुरीची वाट पाहायची, मंजुरी आली की ऑपरेशन. पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी ठरवून दिलेल्या एकरकमी दरात, जेवण धरलेलं असतं, घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. कुणीतरी खरंच विचार करून हे लिहिलं असणार. पण याच टेबलाशी रोज कुणीतरी येतो, हातात ओपीडीची चिठ्ठी, त्यावर महिन्याच्या गोळ्या आणि दोन-तीन तपासण्या. त्याला उत्तर मिळतं, ‘मामा, ॲडमिट असाल तरच बसतंय. हे बाहेरून घ्यावं लागेल.’ मामा मान हलवतात आणि समोरच्या मेडिकलमध्ये जातात. तिथे ते सगळी पट्टी घेत नाहीत. पंधरा दिवसांच्या घेतात, किंवा तीन गोळ्यांपैकी दोन घेतात, आणि तिसरी कुठली सोडायची ते दुकानदारालाच विचारतात.

या एका दृश्यात माझा सगळा आक्षेप आहे. आपण ज्याला आरोग्य विमा म्हणतो तो खरं तर भरतीचा विमा आहे. केंद्राच्या योजनेत भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. त्या अठरा दिवसांच्या आणि खाटेवरच्या मुक्कामाच्या पलीकडचं उरलेलं आयुष्य ज्याचं त्याने पाहायचं.

मधुमेहाचं उदाहरण घ्या, कारण ते प्रत्येक घरात आहे. गावात साखर तपासायची सोय धड नाही, गोळ्या कधी आरोग्य केंद्रात असतात, कधी ‘स्टॉक आला नाही’. इन्शुलिन सुरू करा म्हटलं की खर्चाच्या भीतीने माणूस टाळतो. शेतात अनवाणी चालताना काटा घुसतो, पायाला बधिरपणा आलेला असतो म्हणून कळत नाही, जखम चिघळते. तो हळद लावतो, मग गावातल्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतो. महिन्याभराने बोट काळं पडतं. आणि आता, बरोबर या क्षणी, योजना जागी होते. जखम साफ करणं बसतं, बोट काढणं बसतं, गुडघ्याखालून पाय काढणंही बसतं. पाय कापायला सरकारकडे पैसे आहेत, तोच पाय वाचवायला लागणाऱ्या गोळ्यांना आणि पट्ट्यांना नाहीत. बीपीचंही तसंच. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहून किडनी गेली की डायलिसिस योजनेत बसतं, आणि आयुष्यभर बसतं. त्याआधीच्या दहा वर्षांची रोजची एक गोळी बसत नाही. डायलिसिसच्या एका आठवड्याच्या खर्चात त्या गोळ्या किती महिने पुरल्या असत्या, याचा हिशेब कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा.

सत्तरीच्या पुढच्यांना दिलेल्या वय वंदना कार्डाचा तर अजूनच विचित्र प्रकार होतो. या वयातल्या माणसाचा खरा खर्च कशावर होतो? चार प्रकारच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी, गुडघ्याचं शेकणं, कानाचं यंत्र, दात. यातलं जवळजवळ काहीच भरतीचं नाही. मोतीबिंदू, ॲन्जिओप्लास्टी, खुबा मोडणं यासाठी कार्ड उपयोगी आहे, आणि ज्याच्यावर ती वेळ येते त्याच्यासाठी फारच उपयोगी आहे. पण म्हातारपणाचा खर्च थेंबाथेंबाने होतो आणि त्या थेंबांना कार्डात जागा नाही.

मध्यमवर्गाचंही फार वेगळं नाही, म्हणून एवढं जाता जाता. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला याचा आनंद झाला, पण बहुतेक पॉलिसींमध्ये ओपीडी त्यांनाही मिळत नाही. फरक इतकाच की त्यांना गोळी सोडून द्यावी लागत नाही.

आता पैशाचा हिशेब. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राने जन आरोग्य योजनेसाठी ९,४०६ कोटी रुपये ठेवले. बारा कोटी कुटुंबांत वाटले तर कुटुंबामागे वर्षाला आठशेच्या आत. केंद्र-राज्य वाटा साधारण ६०:४० धरला तर दोन्ही मिळून तेराशे. पाच लाखांच्या कवचामागे कुटुंबाला वर्षाला तेराशे रुपये! हे जमतं, कारण फार थोडे लोक भरती होतात आणि भरतीमागे सरासरी दावा पंधरा हजारांच्या आतबाहेरच असतो. म्हणजे पाचाचे दहा लाख केले तरी बहुतांश कुटुंबांच्या आयुष्यात काहीही बदलणार नाही. किडनी किंवा यकृताचं प्रत्यारोपण, काही कॅन्सर, इतक्यांनाच त्याचा उपयोग. त्यांना तो मिळावाच, त्यासाठी वेगळा निधी काढा. पण त्याला आरोग्य विम्यातली मोठी सुधारणा म्हणून खपवू नका.

सरकारी हिशेबानुसार देशातल्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट लहान नाही. पण शंभरातले चाळीस रुपये अजूनही लोकच भरतात, आणि त्या चाळिसांतला मोठा हिस्सा ओपीडी आणि औषधांचा आहे, म्हणजे विम्याने जिथे पाऊलच ठेवलेलं नाही तिथला. विम्याची व्याप्ती अशीच नुसती आडवी वाढवत गेलो, आणखी माणसं, आणखी कार्डं, तर हा आकडा एका जागी येऊन अडकणार.

दुसरा धोका याहून वाईट आहे. ज्याचे पैसे मिळतात तेच केलं जातं. गोळी देऊन घरी पाठवलं तर शून्य आणि टेबलावर घेतलं तर पॅकेज, असा हिशेब मांडून ठेवला की काही डॉक्टर नव्हे, सगळी व्यवस्थाच टेबलाकडे झुकते. २०१२ साली छत्तीसगडमध्ये आणि बिहारच्या समस्तीपुरात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या पैशासाठी बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघडकीस आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावात शिबिर घेतलं, तिथून १९ जणांना बसमधून शहरात आणलं, त्यांतल्या सात जणांच्या ॲन्जिओप्लास्टी केल्या आणि दोघं दगावले. त्या माणसांचा गुन्हा एवढाच की त्यांच्याकडे कार्ड होतं.

आणि हे फक्त कार्डामुळे होतं असंही नाही. आपल्याकडे बीडला काय झालं? ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बहुतेकींनी पदरचे पैसे घातले होते, म्हणजे मुकादमाकडून उचल घेऊन. तक्रार काय होती? अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीचा त्रास. यातलं बरंचसं साध्या तपासणीत आणि औषधात बरं होणारं. पण फडावर ना स्वच्छतेची सोय, ना जवळ नीट ऐकून घेणारं कुणी, आणि खाडा केला तर दंड. ओपीडी नसली की तिची जागा ऑपरेशन घेतं. तिथे विमा असता तर बिल सरकारने भरलं असतं, आणि गर्भाशय गेलंच असतं.

या टप्प्यावर आमचे काही मित्र म्हणतात, मग हा विमाच बंद करा. तो पैसा सरकारी दवाखान्यांत घाला, खासगीवाल्यांचं पोषण थांबवा. तत्त्व म्हणून मला हे पटतं, पण व्यवहारात नाही. १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये असं लिहून ठेवलं, त्याला ऐंशी वर्षं होत आली. या काळात सरकारी यंत्रणा सुधारण्यापासून कुणी कुणाला अडवलेलं नव्हतं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं, २०२१-२२ मध्ये आपण १.८४ टक्क्यांवर होतो. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली केस पेपरपासून तपासण्यांपर्यंतची सगळी फी माफ केली. निर्णय चांगला होता. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ मृत्यू झाले आणि औषधांचा तुटवडा, कमी माणसं, दूरदूरहून शेवटच्या अवस्थेत पाठवलेले रुग्ण हे सगळं पुन्हा एकदा चव्हाट्यावर आलं. फुकट सेवा आणि मिळणारी सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या विमा बंद केला तर बायपासची वेळ आलेला मजूर परत चिठ्ठीच्या रांगेत उभा राहील, आणि वाचलेला पैसा आरोग्य केंद्रात जाईल याची हमी कोण देणार? माझा तरी विश्वास बसत नाही.

रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. पॅकेजचे दर जुने, पैसे महिनोन् महिने अडकलेले. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या शेकडो खासगी रुग्णालयांनी थकबाकीसाठी आयुष्मान भारत, म्हणजे केंद्राच्या याच योजनेखालची सेवाच थांबवली होती. दर परवडत नाही म्हटलं की मग ‘योजनेत बसतं, पण वरचे एवढे द्यावे लागतील’ हे सुरू होतं. नियमात एक पैसाही घ्यायचा नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालात रुग्णांकडून पैसे घेतल्याच्या नोंदी आहेत, त्याच अहवालात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले हेही आहे. आणि रुग्णालयं आहेत कुठे? जिथे आधीच होती तिथे. भामरागडच्या माणसाला मोठ्या ऑपरेशनसाठी नागपूर गाठायचं तर अख्खा दिवस प्रवासात जातो. कार्डामुळे ऑपरेशन फुकट होतं, अंतर कमी होत नाही. सोबतच्या दोघांची बुडालेली मजुरी कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

मग करायचं काय? यासाठी थायलंडकडे पाहावं असं मला वाटतं, आणि तिथे हे फार श्रीमंतीत झालेलं नाही. १९९७ च्या आर्थिक संकटातून देश नुकता सावरत होता. जानेवारी २००१ च्या निवडणुकीत थाक्सिन शिनावात्रा यांच्या पक्षाने ३० बाटमध्ये कुठल्याही आजारावर उपचार, असं आश्वासन दिलं. पण त्यामागची आखणी होती डॉ. सांगुआन नित्यारम्पोंग यांची. हा माणूस तरुणपणी सिसाकेत प्रांतातल्या रासी सलाई या मागास जिल्ह्याच्या छोट्या रुग्णालयात डॉक्टर होता. गावातला माणूस दवाखान्यात का येत नाही, आणि येतो तेव्हा उशिरा का येतो, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. २००२ पर्यंत योजना देशभर लागू झाली, कायदा झाला, आणि ज्यांना सरकारी नोकरीचं किंवा कामगार विम्याचं संरक्षण नव्हतं अशा सुमारे पावणेपाच कोटी लोकांना ती मिळाली.

त्यांनी सुरुवात ओपीडीपासून केली. प्रत्येक माणसाची नोंद त्याच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयाच्या आणि त्याखालच्या आरोग्य केंद्रांच्या जाळ्यात झाली. त्या जाळ्याला दरडोई ठरावीक रक्कम मिळायची, २००२ साली माणशी १,२०२ बाट, तेव्हाच्या दराने साधारण साडेतेराशे रुपये. भरतीचे पैसे वेगळ्या, आधीच मर्यादा ठरवलेल्या निधीतून. दरडोई पैसे आधीच हातात आल्यावर डॉक्टरचं गणित उलटं होतं. रुग्णाची साखर आटोक्यात राहिली तर रुग्णालयाचा फायदा, पाय चिघळला तर तोटा. मोठ्या रुग्णालयात जायचं तर आपल्या केंद्राच्या चिठ्ठीने. आपल्या तेराशेशी हा आकडा ताडून पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात: त्यांच्या रकमेत सरकारी डॉक्टरांचे पगारही धरलेले होते, आपल्याकडे ते वेगळ्या खात्यातून जातात. पण त्यांचे साडेतेराशे माणशी होते आणि वीसहून अधिक वर्षांपूर्वीचे होते. आपले कुटुंबामागे आहेत आणि आजचे आहेत. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा तिथे २००१ मध्ये एक तृतीयांश होता, आता दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

थायलंडमध्ये सगळं आलबेल झालं असं कुणी समजू नये. रांगा वाढल्या, काही रुग्णालयं तोट्यात गेली, डॉक्टर खासगीत गेले, सरकारं बदलली. पण योजना टिकली, २००६ च्या लष्करी उठावानंतरही टिकली, उलट नव्या सरकारने ३० बाटची फीच काढून टाकली. कारण ती लोकांना दर महिन्याला भेटत होती. आपली योजना नशीब वाईट असेल तेव्हाच भेटते.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे: तिथे आधी तीस वर्षं खेड्यापाड्यात जिल्हा रुग्णालयांचं जाळं उभं केलं होतं, डॉक्टरांना सक्तीने गावात पाठवलं होतं. आपल्याकडे ओपीडी खासगी हातात आहे. बरोबर. पण दरडोई पैसे देऊन खासगी डॉक्टरकडून ओपीडी चालवून घेणं आपल्याला परकं नाही. १९५२ मध्ये सुरू झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे लोक ज्याला ईएसआयसी म्हणतात तिच्यात, पहिल्यापासून ओपीडी होती, औषधं होती, आजारपणातल्या रजेचा पगारही होता. गिरणगावात पॅनेल डॉक्टर असत. कामगाराने त्यातला एक निवडायचा, आणि डॉक्टरला नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर मानधन. तक्रारी भरपूर होत्या. लाल मिक्श्चर, घाईची तपासणी, सिकच्या सर्टिफिकेटसाठी रांगा. पण गिरणी कामगाराच्या घरात तापाच्या औषधासाठी कर्ज काढावं लागत नव्हतं. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा आरोग्य विमा आजच्यापेक्षा जास्त समजूतदार होता. आम्ही तो फक्त संघटित कामगारापुरता ठेवला, आणि बाकीच्यांसाठी साठ वर्षांनी त्यातलं खाटेचं तेवढं उचललं.

आयुष्मान भारतच्या मूळ रचनेत दुसरा पाय होताच. १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथे पहिलं आरोग्य व वेलनेस केंद्र सुरू झालं, त्यांनाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. देशभर दीड लाखांहून अधिक झाली. पण विम्याचा पैसा एका खिशात आणि केंद्रांचा पैसा दुसऱ्या खिशात. केंद्रात गोळ्या संपल्या तर त्याची झळ विम्याच्या हिशेबाला कधीच बसत नाही, आणि विम्यात डायलिसिसचा खर्च फुगला तर केंद्राच्या डॉक्टरला कुणी जाब विचारत नाही. या दोन खिशांची शिवण उसवायची, ही माझ्या मते पुढची सुधारणा.

महाराष्ट्राने हे पाच-सहा तालुक्यांत करून पाहावं. एक डोंगराळ, एक उसाचा, एक मुंबईच्या हद्दीवरचा, एक विदर्भातला. तालुक्यातल्या प्रत्येक माणसाची नोंद एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा त्याने निवडलेल्या खासगी डॉक्टरकडे. गावांत बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर आहेतच, लोक त्यांच्याकडेच जातात, तर त्यांना प्रशिक्षण आणि ठरलेली औषधांची यादी देऊन करारात घ्या. दरडोई रक्कम विमा योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीकडून, योजनेच्याच खात्यातून. साखर, बीपी, दमा, थायरॉइड, फिट्स, मानसिक आजार यांच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला विनामूल्य, राज्याच्या औषध खरेदी प्राधिकरणाने पुरवलेल्या. केंद्रात स्टॉक नसेल तर जवळच्या मेडिकलमधून घ्यायच्या आणि बिल सोसायटीने त्याच केंद्राच्या रकमेतून वळतं करायचं. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. गोळी नसल्याचा भुर्दंड आज रुग्णाला बसतो, तो पुरवठा करणाऱ्याला बसला की स्टॉक कसा वेळेवर येतो ते पाहा.

दरडोई पैसे घेऊन डॉक्टर रुग्णाला टाळेल, तपासण्या सांगणार नाही, अशी भीती रास्त आहे. ऑपरेशनमागे पैसे दिले की जास्त होतं, माणशी दिले की कमी होतं. त्यावर उपाय म्हणजे दर वर्षी डॉक्टर बदलायची मुभा, तालुक्यातल्या किती रुग्णांची साखर आटोक्यात आहे याची जाहीर नोंद, आणि खरोखर उचलला जाणारा तक्रारीचा फोन. थायलंडमध्ये १३३० हा क्रमांक त्यासाठीच आहे. आपल्याकडे ग्रामसभेसमोर आरोग्य केंद्राने वर्षातून दोनदा हिशेब मांडायचा, एवढं केलं तरी सुरुवात होईल. आशाताईंना गावातला कुठला मधुमेही गोळ्या सोडून बसलाय हे पाठ असतं. आज त्यांना ते विचारायला कुणाला कारणच नाही.

पैसा लागेल, आणि तो भरतीच्या विम्यापेक्षा जास्त लागेल. भरती शंभरात मोजक्याच जणांची होते, गोळ्या घरटी लागतात. म्हणूनच कुठलंही सरकार आपण होऊन या वाटेला जाणार नाही. पाच लाखांचं आश्वासन कुटुंबामागे तेराशेत पार पडतं, गोळ्यांचं आश्वासन मात्र दर महिन्याला पाळावं लागतं आणि मोडलं की दर महिन्याला उघडं पडतं. दहा लाखांची घोषणा घेऊन पुढच्या वेळी कुणी दारात आलं, तर त्याला वाढीव पाच लाखांचं काय करणार हे विचारू नका. आरोग्य केंद्रात मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि बीपीची ॲम्लोडिपिन या महिन्यात आहेत का, आणि नसतील तर पैसे कोण भरणार, इतकंच विचारा.